अकरा नंबरची फीत

१

हवाई दलप्रमुखांच्या कपाटातून फाईल नाहीशी झाली, त्या दुपारी भिंगराव घरी मिक्सर उघडून बसले होते.

मिक्सर बिघडलेला नव्हता. पण निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली होती आणि घरातल्या बिघडलेल्या वस्तू दुसऱ्या वर्षीच संपल्या होत्या. आता चालत्या वस्तूंची पाळी आली होती. बायकोचं म्हणणं असं, की निवृत्त माणूस आणि स्क्रूड्रायव्हर यांना एका घरात ठेवायचं असेल तर घर तरी मोठं हवं.

भिंगरावांनी तीस वर्षं हवाई दलाच्या अपघात-तपासणी विभागात काढली होती. विमान पडलं की ढिगाऱ्यासमोर उकिडवं बसायचं आणि ते का पडलं हे शोधायचं. खिशात सदैव भिंग, म्हणून नाव भिंगराव. खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं आणि ते तिथे सुखात होतं.

फोन खुद्द दलप्रमुखांचा होता. एके काळी दोघं एकाच तुकडीत होते, एकाच खोलीत घोरत होते. तेव्हा दलप्रमुखांना सगळे घार म्हणत.

“रिकामा आहेस का?” घारीनं विचारलं.

“मिक्सर उघडलाय.”

“म्हणजे रिकामा आहेस. ये. एक फाईल गेलीय.”

“पोलीस आहेत ना?”

“पोलिसांना बोलावलं तर ती चोरी होईल. सध्या ती फक्त सापडत नाहीये. उद्या सकाळी दहापर्यंत सापडली नाही, तर नव्या विमानांचा विषय बंद. कायमचा.”

भिंगरावांनी मिक्सरवर फडकं टाकलं. मागून बायको म्हणाली, “त्यांना सांगा, काही उघडायला दिलं तर परत लावून घ्या म्हणावं.”

२

मुख्यालयाच्या इमारतीला तीन लिफ्ट होत्या. दोन चालत होत्या, कारण तिसरीचे सगळे भाग त्या दोघींत होते. हवाई दलाची ही जुनी रीत. पैसे येत नाहीत, काम थांबवता येत नाही, म्हणून एकाचं काढायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. हँगरमध्ये विमानांचं तेच होई. वरच्या मजल्यावर घड्याळात सेल होता म्हणून एसीच्या रिमोटमध्ये नव्हता, आणि सभागृहातल्या खुर्च्यांना मिळून जेवढी चाकं असायला हवीत त्याहून बरीच कमी होती. लोक तोल सांभाळून बसत. त्यालाच शिस्त म्हणायची पद्धत होती.

दलप्रमुखांच्या खोलीबाहेर त्यांच्या स्वीय सहायक बाई बसत. केस पांढरे, चष्मा दोरीला, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. त्यांनी भिंगरावांसाठी खुर्ची पुढे केली. तिच्यात बसल्यावर खचायला झालं नाही. या इमारतीत हे नवलच होतं.

“साहेब फोनवर आहेत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बसा. बऱ्याच दिवसांनी दिसलात.”

“नऊ वर्षं तरी झाली असतील, नाही?”

“नऊ वर्षं दोन महिने,” बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करू लागल्या.

आत गेल्यावर घारीनं सरळ कपाटच दाखवलं. फायली उभ्या लावलेल्या होत्या. मध्ये एक फट होती, दोन बोटं जातील एवढी.

“त्या फायलीत काय होतं?”

“एक प्रमाणपत्र. जुनी चाळीस विमानं अजून पाच वर्षं सुरक्षितपणे उडू शकतात असं. सही माझी व्हायची होती. ते दिलं तर समिती नव्या विमानांना मंजुरी देणार. दिलं नाही, तर म्हणणार, जुन्यांचीच खात्री नाही तर नवी कशाला सांभाळायला देता?”

“आणि उडू शकतात का? पाच वर्षं?”

घारीनं उत्तर द्यायच्या आधी खिडकीबाहेर पाहिलं. “माझ्या निवृत्तीला पाच महिने आहेत,” तो म्हणाला. हे उत्तर नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडंच होतं. त्या तासाभरात खोलीत तीन माणसं येऊन गेली होती. अभियंता विभागाचे प्रमुख, वित्त सल्लागार आणि बाई.

भिंगराव त्या फटीसमोर वाकले. फायलींमधल्या लोखंडी कांबीला लाल कापडाची फीत बांधलेली होती. वीतभर लांब.

ही फीत हवाई दलातला प्रत्येक माणूस ओळखतो. विमानातून कुठलाही भाग काढला, की त्या रिकाम्या जागी लाल फीत बांधायची. तिला चिठ्ठी लावायची. काय काढलं, कुणी काढलं, कुठे बसवलं. फीत दिसली की विमान उडवायचं नाही, मग समोर मंत्री उभा असला तरी.

या फितीला चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीच्या दोऱ्याचं एक शुभ्र टोक मात्र होतं, कापलेलं.

भिंगरावांनी खिशातून भिंग काढलं. फीत जुनी होती, विटलेली. खालची कड काळी, जळून कडक झालेली. त्या कडेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक छोटी खाच होती.

त्यांनी भिंग परत खिशात ठेवलं.

ही फीत त्यांनी आधी पाहिली होती.

३

अभियंता विभागाच्या प्रमुखांना सगळे पाना म्हणत. हात घणासारखे, आवाज हँगरमधला. माणूस शेजारी बसला असला तरी ते धावपट्टीपलीकडच्याशी बोलावं तसं बोलत.

“फीत आमचीच आहे सर. पण बांधणारा आमचा नाही.”

“कशावरून?”

“गाठ बघा. आमची गाठ दुहेरी असते. विमान थरथरतं, साधी गाठ सुटेल. ही एका ओढीत सुटते. आणि चिठ्ठी कुठाय? चिठ्ठीशिवाय फीत बांधणाऱ्याला मी हँगरमध्ये झाडू धरायला लावतो.”

“फीत कधी विसरली जाते का हो? म्हणजे भाग परत बसवायचा राहून गेला, असं?”

पाना पहिल्यांदाच हळू बोलले. “गेल्या वर्षी झालं होतं एकदा. फीत जागच्या जागी बांधतात, वरून झाकण लागलं की ती आत जाते, दिसत नाही. वहीत कुणीतरी ‘बसवला’ लिहून टाकलं. पोरानं धावपट्टीवरच इंजिन बंद केलं म्हणून निभावलं. नशीब.” मग पुन्हा आवाज चढला. “पण पूर्वी कधी नाही हां सर. माझ्या हँगरमध्ये तरी नाही.”

भिंगरावांनी मान खाली घातली आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

वित्त सल्लागारांचं नाव कात्री. स्वभावानं अगदी गोड. नाही म्हणताना समोरच्याला वाटावं, आपलाच सत्कार चाललाय.

“अहो, मी कशाला नेईन?” ते म्हणाले. “उद्या ती फाईल समितीपुढे गेली नाही तर सगळ्यात आधी माझी मान जाईल. गेली पंधरा वर्षं मी या दलाचा खर्च कापतोय. एकदा, फक्त एकदा, काहीतरी मंजूर करून निवृत्त व्हावं असं मलाही वाटतं हो.”

“त्या कपाटापाशी गेला होतात?”

“साहेबांचं घड्याळ बंद पडलं होतं. मी रिमोटमधला सेल त्यात घातला. नाहीतर सुट्टी संपलीय हे कुणाला कळणार?” त्यांनी फीत पाहिली आणि हात मागे घेतला. “गाठींचं म्हणाल, तर मी आयुष्यात एकही फाईल स्वतः बांधली नाही. माझा स्वभाव सोडण्याचा. म्हणजे, गाठ सोडण्याचा.”

भिंगराव बाहेर आले आणि बाईंच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले.

एका ओढीत सुटणारी गाठ. फायलींचे गठ्ठे बांधतात ती. पुन्हा पुन्हा सोडावे लागतात म्हणून मुद्दाम साधी.

बाईंच्या टेबलाच्या कडेला सहा गठ्ठे रचलेले होते. सगळे त्याच गाठीचे.

४

“बाई, तुम्ही मला विचारलं नाहीत, फाईल सापडली का म्हणून.”

“मला माहीत आहे ना कुठे आहे ती.”

इतक्या शांतपणे कबुली देणारा आरोपी भिंगरावांना तीस वर्षांत भेटला नव्हता. अर्थात, त्यांचे बहुतेक आरोपी लोखंडाचे असत.

“कुठे आहे?”

“तुम्ही बसलायत तिच्यावर. गादीच्या खाली.”

भिंगराव उठले. गादीखाली फाईल होती. म्हणजे ही खुर्ची का खचत नव्हती, हे रहस्यही एकदमच सुटलं.

“आणि फीत?”

“तीही तुम्हीच दिलेली. साहेबांना दिलीत, पाकिटात घालून. साहेबांनी मला दिलं, जाळून टाका म्हणाले.” बाईंनी चष्मा काढला. “एकदा जळालेली वस्तू पुन्हा काय जाळायची? ठेवली.”

आता भिंगरावांना ती दुपार आठवायचं टाळता येईना.

नऊ वर्षांपूर्वी घार एका तळाचा प्रमुख होता, पाना तिथल्या हँगरचे प्रमुख, बाई तळाच्या कार्यालयात. नव्या विमानांसाठी पैसे द्यावेत की नाही हे ठरवायला समिती आली होती. आकाशात बारा विमानं दिसली पाहिजेत, असं घारीनं सांगितलं होतं. अकरा दिसली असती तर समिती म्हणाली असती, अकरातच भागतंय की यांचं. बारा उडाली. अकरा नंबरचं परत आलं नाही. वैमानिक सव्वीस वर्षांचा होता.

ढिगाऱ्यात, शेपटीच्या झाकणाआड, भिंगरावांना जळकी फीत मिळाली. शेपटीचं पातं हलवणाऱ्या दांड्याचा बोटाएवढा एक खिळा दुसऱ्या विमानासाठी काढला होता आणि परत बसवायचा राहिला होता. त्यांनी तसं लिहिलं. फितीची कड तपासायला तिचा कपटा कापला, त्याची ती खाच. बाईंनी अहवाल टाइप केला.

रात्री नव्हे, भर दुपारी, बडीशेपेची वाटी पुढे करावी इतक्या सहज घारीनं म्हटलं होतं, “एवढा एक परिच्छेद काढ. हे बाहेर आलं तर नवी विमानं कधीच येणार नाहीत, आणि अशी अजून पोरं मरतील. गेलेला परत येणार नाही. पुढच्यांना वाचवू.” भिंगरावांना ते पटलं होतं. हीच तर अडचण होती, की पटलं होतं. परिच्छेद निघाला. त्या जागी एक ओळ आली. वैमानिकाची चूक.

“दोन्ही वेळचे अहवाल तुम्हीच टाइप केलेत,” भिंगराव म्हणाले. “पण नऊ वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत.”

“नोकरी होती. दोन मुली शिकत होत्या. तुम्हाला काय सांगू, तुमच्याकडे वेगळी कारणं असतील, माझी ही होती.” बाईंनी खणातून पत्रांचा गठ्ठा काढला. “त्या वैमानिकाचे वडील मुख्याध्यापक होते. दर वर्षी त्याच तारखेला पत्र यायचं.”

भिंगरावांनी वरचं पत्र वाचलं. अक्षर फळ्यावरचं, वळणदार. ‘माझ्या मुलाची नेमकी कोणती चूक झाली ते कृपया कळवावे. मी चाळीस वर्षे मुलांच्या चुका तपासल्या. याची एक तपासायची राहिली आहे.’

“उत्तर मी टाइप करायचे,” बाई म्हणाल्या. “अहवालात नमूद केल्याप्रमाणे. आठ वेळा. या वर्षी पत्र उशिरा आलं, मुलीचं. वडील गेले, यापुढे पत्र येणार नाही, आजवर तसदी दिल्याबद्दल क्षमस्व, असं. त्याच आठवड्यात हे प्रमाणपत्र टाइप करायला आलं. पाच वर्षं सुरक्षित. माझे हात चालले नाहीत. म्हणजे चालले, टाइप केलं मी. मग सुट्टीत उचललं.”

“फाडून का नाही टाकलंत?”

“फाडलं असतं तर दुसरं टाइप करावं लागलं असतं. तेही मलाच.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “अहो, हँगरमधला पोरगासुद्धा खिळा काढला तर तिथे फीत बांधतो. तुम्ही एवढा परिच्छेद काढलात, आणि फीत बांधली नाहीत. म्हणून मी बांधली.”

५

“चिठ्ठी दे,” भिंगराव घारीला म्हणाले.

दलप्रमुखांच्या खोलीत आता चौघं होते. घार, भिंगराव, बाई, आणि निरोप पाठवून बोलावलेले पाना.

“कसली चिठ्ठी?”

“फीत नऊ वर्षांची, दोरा आजचा. म्हणजे चिठ्ठी आज लावली आणि आजच कापली. फट पहिल्यांदा तूच पाहिलीस. कपाटाशी दोरा कापत दुसरं कुणी उभं राहिलं असतं तर तू विचारलं असतंस. आणि ती वाचल्यावर तुला कळलं कुणी नेलं. तरी मला बोलावलंस.”

घारीनं खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. टाइप केलेली, समास सोडून. ‘काय काढले: एक परिच्छेद, अकरा नंबरचा अहवाल. कुणी काढला: दोघांना ठाऊक आहे. कुठे बसवला:’ पुढे कोरं.

“बाईंना मी पकडलं असतं तर शिक्षा करावी लागली असती,” घार म्हणाला. “नसतं पकडलं तर सही. मला वाटलं, तू येशील, आणि काय करायचं ते तू सांगशील. नऊ वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं. आता तुझी पाळी.”

पानांना काही कळेना. भिंगरावांनी त्यांना सगळं सांगितलं. खिळा, झाकण, फीत. पाना ऐकत राहिले.

“वहीत ‘बसवला’ लिहिलं होतं,” शेवटी ते म्हणाले. “मी वही पाहिली. झाकण उघडून नाही पाहिलं. पोराची चूक आहे असं तुम्ही लिहिलंत, आणि मी सर, खोटं कशाला बोलू, सुटलो असं वाटलं मला.” त्यांनी फीत हातात घेतली. “मला त्या दिवशी सांगितलं असतंत तर दुसऱ्या दिवशीपासून फीत झाकणाबाहेर लोंबती ठेवली असती. हातभर लांब केली असती. काय लागलं असतं त्याला? कापड.”

भिंतीवरचं घड्याळ रिमोटच्या सेलवर टिकटिकत होतं.

“गेल्या वर्षीचा तो पोरगा,” पाना म्हणाले, “त्यानं इंजिन बंद केलं नसतं तर?”

“तर मी त्याच्यावर अहवाल लिहिला नसता,” भिंगराव म्हणाले. “मी निवृत्त झालो होतो. दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता. वैमानिकाची चूक.”

घारीनं फाईल पुढे ओढली. “उद्या मी सही केली नाही आणि हा परिच्छेद जोडला, तर चाळीसही विमानं जमिनीवर बसतील. नवी येणार नाहीत. गेली चार वर्षं मी जे जे केलं, ते एका सकाळी गेलं. लोक म्हणतील, घारीनं दल बुडवलं.”

“म्हणतील,” भिंगराव म्हणाले. “माझं नावही वर घाल. मूळ लेखक मी आहे.”

“बाई, तो परिच्छेद आहे तुमच्याकडे?”

“तोंडपाठ आहे,” बाई म्हणाल्या आणि यंत्रापाशी जाऊन बसल्या.

६

समितीनं कागद वाचला आणि अपेक्षेप्रमाणे सगळ्यांना दुःख झालं. जुनी विमानं जमिनीवर उतरवली. नव्यांचा विषय पुढे ढकलला, म्हणजे कुठे ढकलला ते कुणी विचारू नये अशा जागी. घारीला पाच महिने थांबावं लागलं नाही. कात्रींनी निरोप समारंभात सुंदर भाषण केलं आणि हारांचा खर्च निम्म्यावर आणला. बाईंनी स्वतःच राजीनामा टाइप केला, दोन प्रतींत. पानांनी मात्र पद सोडायच्या आधी एक आदेश काढला. फीत यापुढे हातभर लांब आणि झाकणाबाहेर. जमिनीवर बसलेल्या चाळीस विमानांच्या कडेनं त्या फिती वाऱ्यावर हलत. तळाशेजारच्या गावावरून आता विमानांचा आवाज जात नव्हता. सुरुवातीला लोकांना बरं वाटलं, मग चुकल्यासारखं.

भिंगराव दुरुस्त अहवाल घेऊन मुख्याध्यापकांच्या घरी गेले. दार मुलीनं उघडलं. तीही शिक्षिका होती. हाताला खडू लागला होता. तिनं उभ्या उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

“म्हणजे दादाची चूक नव्हती.”

“नव्हती.”

“काहीच?”

“काहीच नाही. त्यानं शेवटपर्यंत सगळं बरोबर केलं होतं. तेही लिहिलंय, तिसऱ्या ओळीत.”

तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “बाबा रोज संध्याकाळी विमानाचं ते पुस्तक घेऊन बसायचे. इथे चुकला असेल का, तिथे चुकला असेल का. त्यांना विमानातलं काही कळत नव्हतं, पण शिकले. सत्तराव्या वर्षी. आम्ही म्हणायचो, सोडा आता. तर म्हणायचे, एकदा चूक सापडली की मला त्याला माफ करता येईल.” ती थांबली. “चूक नसेलच, हे त्यांना कधी सुचलंच नाही हो. कागदावर शिक्का होता ना.”

भिंगरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. माफी मागायची असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण ज्याच्याकडे मागायची तो माणूस भिंतीवर, चौकटीत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अजूनही काहीतरी शोधत असल्यासारखा भाव होता.

“तुम्ही आलात हे बरं केलंत,” मुलगी म्हणाली. ती खरंच तसं म्हणत होती, हे त्यांना जास्त लागलं.

घरी आल्यावर भिंगराव आपल्या फडताळासमोर उभे राहिले. तीस वर्षांच्या अहवालांच्या प्रती तारखेनं लावलेल्या. त्यांनी अकरा नंबरचा जुना अहवाल उपसून काढला. मध्ये दोन बोटं जातील एवढी फट पडली. खिशातून ती जळकी फीत काढून त्यांनी तिथे बांधली. दुहेरी गाठ.

मग चिठ्ठी लिहायला बसले. काय काढले, ते लिहिलं. कुणी काढले, तिथे स्वतःचं नाव घातलं, खरं, पेन्शनच्या कागदावरचं. तिसऱ्या ओळीपाशी पेन थांबलं. कुठे बसवले.

बराच वेळ झाला तसं बायको दारात आली. मिक्सर अजून फडक्याखाली उघडाच होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं, आणि आत निघून गेली.

तिसरी ओळ कोरीच राहिली. हँगरमध्ये नियमच आहे, चिठ्ठी पुरी भरल्याशिवाय फीत सोडायची नाही.